कॉम्प्युटरवर साईट उघडते, पोरांच्या मोबाईलवर नाही: गावातला लोकल सर्व्हर कुठून कुठून तपासायचा

आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही एक जुना डेस्कटॉप बसवला, आय-थ्री, चार जीबी रॅम, कोणाच्या तरी ऑफिसातून निघालेला. त्यावर झॅम्प (कॉम्प्युटरलाच वेब सर्व्हर बनवणारं पॅकेज, त्यात पानं वाटणारा प्रोग्राम अपाचे, पीएचपी भाषा आणि मायएसक्यूएल डेटाबेस असते) टाकलं, बाजूला एक साधा वायफाय राऊटर, आणि पुस्तकांची यादी, बारावीच्या नोट्स, जुने पेपर असं सगळं एका छोट्या साईटवर चढवलं. इंटरनेटची गरजच नव्हती. मोर्शी-वरूडकडच्या आमच्या या संत्र्याच्या पट्ट्यात रेंज पाहिजे तर पाण्याच्या टाकीवर चढा अशी परिस्थिती, म्हणून म्हटलं पोरगं वाचनालयात येईल, वायफायला जोडेल, मोबाईलवर पाहिजे ते उघडेल, डेटा एक एमबीही लागणार नाही. चालू करायच्या दिवशी पंचवीसेक पोट्टे मोबाईल काढून उभे, कॉम्प्युटरवर साईट झकास, आणि मोबाईलवर एकाच्याही नाही. "सर, काहीच येऊन नाही राहिलं." ग्रंथपाल काका शांतपणे म्हणाले, "मंग पहिले कपाटं उघडून देऊ का यायले?"

मी काय केलं, तर सगळे करतात तेच. रीस्टार्ट मारला, मग पोर्ट (सर्व्हर ज्या दारावर बसते त्या दाराचा नंबर) बदलला, मग झॅम्प काढून पुन्हा टाकलं, मग राऊटर रीसेट, आणि संध्याकाळ होईपर्यंत जे कॉम्प्युटरवर चालून राहिलं होतं तेही बंद. चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या की कशानं बिघडलं अन् कशानं सुधारलं हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

आता बागेत शेवटच्या झाडापाशी ड्रिपचं पाणी पोचत नसलं तर आपण काही मोटार खोलायला बसत नाही. मधल्या वॉलपाशी जातो, पाईप ढिला करून पाहतो, पाणी इथवर येते का. आलं तर खराबी पुढं, नाही आलं तर मागं. सर्व्हरचंही एवढंच आहे, फक्त इथं मधला वॉल कुठं असतो हे माहीत पाहिजे. ते खाली सांगतो.

एक सूचना. मी मराठी कीबोर्डवरूनच लिहून राहिलो त्यामुळं कमांड, फाईलची नावं, आकडे सगळं देवनागरीत आहे, तुम्ही टाकताना अर्थातच इंग्रजीत टाका. आणि हे विंडोज अन् झॅम्प धरून लिहिलंय कारण आपल्याकडच्या शाळा-वाचनालयात बहुतेक तेच असते. लिनक्सचं जिथं वेगळं आहे तिथं सांगेन.

पहिले स्क्रीनवर काय लिहून आलं ते वाचा

"साईट उघडत नाही" हे काही दुखणं नाही, "पोट दुखते" म्हटल्यासारखं आहे. ब्राउझर काय म्हणते ते अक्षर न अक्षर वाचा, नाही त मोबाईलचा फोटो मागवा. चारच प्रकार असतात.

कनेक्शन नाकारलं, म्हणजे रिफ्यूज्ड असं आलं तर कॉम्प्युटरपर्यंत तुम्ही पोचले, पण त्या पोर्टवर कोणी बसलेलंच नाही. अपाचे बंद असेल नाही त पोर्ट नंबर चुकला असेल. फार वेळ घेतला, टाईम्ड आऊट असं आलं तर बहुतेक फायरवॉलनं, म्हणजे बाहेरून येणारी मागणी अडवणाऱ्या पहारेकऱ्यानं, मधेच गिळलं, किंवा आयपी, म्हणजे यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता, तोच चुकीचा आहे, किंवा राऊटर एकमेकांना भेटूच देत नाही. तिसरा प्रकार म्हणजे नंबर येतो, ४०४, ४०३, ५००. हा नंबर पाहून लोक घाबरतात, पण खरं तर ही चांगली बातमी आहे, कारण हा नंबर अपाचेनंच पाठवला. म्हणजे नेटवर्क, फायरवॉल, राऊटर सगळं पास, आता भानगड फक्त फोल्डरमधली आहे. चौथा म्हणजे कोरं पांढरं पान. तिथं बहुतेक वेळा पीएचपी कोड मधेच मेलेला असतो आणि चूक स्क्रीनवर दाखवायचं बंद करून ठेवलेलं असते.

मधला वॉल: ॲक्सेस लॉग

सी ड्राइव्हमधे झॅम्प, त्यात अपाचे, त्यात लॉग्ज नावाचं फोल्डर. तिथं दोन फाईली महत्त्वाच्या, ॲक्सेस डॉट लॉग आणि एरर डॉट लॉग. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलवर अपाचेच्या ओळीत लॉग्ज म्हणून बटण असते, तिथूनही उघडतात. ॲक्सेस लॉग म्हणजे फाटकावरच्या चौकीदाराचं रजिस्टर, कोण आलं, केव्हा आलं, काय मागितलं, काय दिलं. एकेका मागणीची एकेक ओळ. ओळीच्या सुरुवातीला येणाऱ्याचा आयपी, म्हणजे समजा १९२.१६८.१.२३, मग चौकोनी कंसात तारीख-वेळ, मग गेट (इंग्रजीतलं, म्हणजे 'दे' अशी मागणी) आणि त्यानं मागितलेला पत्ता, मग २०० किंवा ४०४ असा निकाल, आणि त्यानंतर किती बाईट दिले तो आकडा. त्याच कॉम्प्युटरवरून तुम्ही लोकलहोस्ट ('हेच यंत्र' असा पत्ता) टाकून उघडलं असेल तर आयपीच्या जागी नुसते दोन कोलन आणि एक दिसते, किंवा १२७.०.०.१, ते म्हणजे आपण स्वतःच.

आता करायचं काय, तर फाईलच्या अगदी शेवटी जा, वेळ पाहून ठेवा, आणि एका पोराला म्हणा, "हाण आता रीफ्रेश." मग फाईल बंद करून पुन्हा उघडा, कारण नोटपॅड आपोआप नवीन ओळी दाखवत नाही. मोबाईलच्या आयपीची नवीन ओळ आली का? आली असेल तर नेटवर्कला हातही लावू नका, भानगड फोल्डर, कोड नाही त डेटाबेसमधे आहे. ओळच नाही आली तर कोडला हात लावू नका, मागणी दारापर्यंत पोचलीच नाही. माझे त्या दिवशीचे पाच तास या एका ओळीनं वाचले असते. मी मात्र एचटीएमएल सुधारत बसलो होतो आणि लॉगमधे सकाळपासून माझ्या स्वतःच्याच ओळी.

अपाचेच सुरू होत नसेल तर

पॅनलवर स्टार्ट दाबलं, क्षणभर हिरवं झालं आणि लाल अक्षरात अपाचे शटडाऊन अनएक्सपेक्टेडली. दहातल्या आठ वेळा पोर्ट ८० किंवा ४४३ दुसऱ्या कोणी धरून ठेवलेला असतो. एका पोर्टवर एकच जण बसू शकतो, एसटीच्या सीटवर रुमाल टाकल्यासारखं. पॅनलच्या उजव्या बाजूला नेटस्टॅटचं बटण आहे, दाबा, यादी येते, त्यात ८० समोर कोणाचं नाव आहे पाहा. तिथं सिस्टीम आणि पीआयडी (चालू प्रोग्रामचा नंबर) ४ दिसलं तर ते बहुतेक विंडोजचं स्वतःचं वेब सर्व्हर असते, आयआयएस. सर्व्हिसेसमधे जाऊन वर्ल्ड वाईड वेब पब्लिशिंग सर्व्हिस थांबवा, स्टार्टअप मॅन्युअल करा. ४४३ वर कधी कधी व्हीएमवेअर बसलेलं असते.

थांबवता येत नसेल, म्हणजे शाळेचं दुसरं सॉफ्टवेअर त्यावरच चालत असेल, तर आपणच सीट बदलायची. पॅनलवर कॉन्फिग, त्यातून एचटीटीपीडी डॉट कॉन्फ उघडा आणि लिसन ८० असं जिथं आहे तिथं ८०८० करा, खाली सर्व्हरनेम लोकलहोस्ट:८० आहे तिथंही तेच. इथं आमच्या क्लासमधल्या एका पोरानं मस्त केलं होतं. फाईलमधे खऱ्या लिसनच्या वर नमुना म्हणून आणखी एक लिसन ची ओळ असते, तिच्या आधी हॅश असतो. हॅश असलेली ओळ अपाचे वाचतच नाही. यानं सर्च केलं, पहिलं लिसन दिसलं, ते बदललं, आणि पंधरा मिनिटं "सर मी बदललं ना, मंग काऊन नाही होऊन राहिलं" चालू. ओळीच्या आधी हॅश आहे का तेवढं पाहत जा. पोर्ट बदलल्यावर पत्त्यातही तो लावावा लागते, लोकलहोस्ट मग कोलन मग ८०८०, हे विसरणारेही लय.

कॉन्फ फाईलमधे काही गडबड झाली अशी शंका असेल तर कमांड प्रॉम्प्टमधे झॅम्पच्या अपाचे, बिन फोल्डरमधे जाऊन एचटीटीपीडी, स्पेस, डॅश टी टाका. सगळं नीट असेल तर सिंटॅक्स ओके म्हणेल, नाही त कोणत्या फाईलच्या कितव्या ओळीत चूक आहे ते सांगेल. आणि कॉन्फ बदलण्याआधी तिची एक कॉपी बाजूला ठेवायची, हे सांगायची गरज नाही पण सांगतो, कारण मी ठेवली नव्हती.

फाईल चढवली, पण दिसते जुनीच, नाही त ४०४

सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो आणि कारणं सगळी बारीक.

झॅम्पमधे साईट एचटीडॉक्स फोल्डरमधे ठेवायची असते. लोक आपली इंडेक्स डॉट एचटीएमएल सरळ एचटीडॉक्समधे टाकतात आणि लोकलहोस्ट उघडलं की झॅम्पचं केशरी डॅशबोर्डच येते, आपलं पान येतच नाही. कारण तिथं आधीच एक इंडेक्स डॉट पीएचपी असते आणि यादीत पीएचपीचा नंबर एचटीएमएलच्या आधी आहे. त्यापेक्षा आत आपलं वेगळं फोल्डर करा, इंग्रजी छोट्या अक्षरात, मधे जागा नाही, समजा ग्रंथालय, आणि मग लोकलहोस्ट, तिरकी रेघ, ग्रंथालय असं उघडा.

झिप उघडली की फोल्डरमधे फोल्डर होते, ग्रंथालयच्या आत आणखी एक ग्रंथालय, आणि इंडेक्स त्या आतल्यात. आपण बाहेरच्याचा पत्ता टाकतो, मग एक तर ४०४ येते नाही त नुसती फोल्डरची यादी दिसते. ती यादी दिसली की समजायचं, इंडेक्स एक घर पुढं आहे.

नोटपॅडमधे फाईल बनवली असेल तर ती इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी झालेली असू शकते आणि विंडोज शेवटचं टीएक्सटी लपवून ठेवते, तुम्हाला नाव बरोबरच दिसते. फाईल एक्सप्लोररमधे व्ह्यू मधे जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा, कायमचं चालू ठेवा, मी तर म्हणतो नवीन कॉम्प्युटर आला की हळद-कुंकू वाहायच्या आधी हे करा.

आता माझी स्वतःची फजिती. एक अख्खी संध्याकाळ मी पुस्तकांच्या यादीचं पान बदलत होतो, सेव्ह करतो, रीफ्रेश करतो, काहीच बदलत नाही. कॅशे साफ केला, ब्राउझर बदलला, दुसरा ब्राउझर डाउनलोड करायला मोबाईल घेऊन टाकीवर चढलो. शेवटी कळलं की मी डेस्कटॉपवरची कॉपी बदलत होतो, आणि सर्व्हर वाचत होता एचटीडॉक्समधली. तेव्हापासून एक सवय लावली, पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात वेळ लिहितो, "बदल ७:४०". रीफ्रेश केल्यावर ७:४० दिसलं तर आपण बरोबर फाईलवर काम करतोय. नाही दिसलं तर पहिले कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा, त्यानं ब्राउझर जुनं साठवलेलं सोडून नवीन मागते. तरी नाही दिसलं, तर तुम्ही चुकीच्या फाईलवर आहात, नाटक नको, तेच खरं.

आणि हो, फाईलवर डबलक्लिक करून तपासू नका. त्यानं पत्त्याच्या जागी फाईल आणि सी ड्राइव्ह असं दिसते, म्हणजे सर्व्हर मधे आलाच नाही. एचटीएमएल तरी दिसेल, पीएचपी चालणारच नाही, नुसता कोड दिसेल नाही त फाईल डाउनलोड होईल.

फोटो दिसत नाहीत याचं कारण नव्वद टक्के वेळा पत्ता. कोडमधे फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून लिहिलेला असला तर तो फोटो फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर आहे, पोराच्या मोबाईलमधे कुठला आला सी ड्राइव्ह. नुसतं फोल्डरचं नाव, तिरकी रेघ, फाईलचं नाव असं लिहा. रेघ पुढं झुकलेली, विंडोजवाली उलटी नाही. पत्ता तिरक्या रेघेनं सुरू केला तर तो एचटीडॉक्सपासून मोजल्या जाते, तुमच्या ग्रंथालय फोल्डरपासून नाही, त्यामुळं डिझाईनची सीएसएस फाईलच सापडत नाही आणि पान साधं, उघडं-नागडं दिसते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या नावात जागा असतात, तारीख असते, वेळ असते, ती नावं आधी साधी करून घ्या. कॅमेऱ्याच्या फोटोत जेपीजी मोठ्या अक्षरात असते, कोडमधे आपण छोट्यात लिहितो. विंडोजला फरक पडत नाही, पण लिनक्सवर मोठं अन् छोटं अक्षर वेगवेगळं धरतात, तिथं नेलं की अर्धे फोटो गायब. लिनक्सवर आणखी एक, साईट व्हार मधल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, एचटीएमएल फोल्डरमधे असते आणि फाईलीला वाचायची परवानगी नसली तर ४०३ येते. फोल्डरला ७५५, फाईलीला ६४४, बस. इंटरनेटवर ७७७ करा म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

५०० आलं तर एरर डॉट लॉगची शेवटची ओळ. दुसऱ्या होस्टिंगवरून साईट उचलून आणली असेल तर तिच्यासोबत डॉट एचटीॲक्सेस नावाची फाईल येते, तिच्यात त्या होस्टिंगपुरत्या ओळी असतात ज्या तुमच्या अपाचेला कळत नाहीत. तिचं नाव तात्पुरतं बदलून पाहा, ५०० गेलं तर चोर सापडला. जुन्या पुस्तकातून कॉन्फिगरेशन उतरवलं असेल तर तिथं ऑर्डर, अलाऊ फ्रॉम ऑल असं असते. २०१२ साली अपाचे २.४ आलं तेव्हापासून त्याच्या जागी रिक्वायर ऑल ग्रँटेड लिहितात.

मोबाईलवर येत नाही: ॲक्सेस लॉगमधे ओळच नाही

हा आमचा त्या दिवशीचा आजार. क्रमानं पाहा.

मोबाईलमधे लोकलहोस्ट टाकलं का? अर्ध्या पोट्ट्यांनी तेच टाकलं होतं, कारण कॉम्प्युटरवर तेच दिसत होतं. लोकलहोस्ट म्हणजे "हेच यंत्र". मोबाईलमधे टाकलं की मोबाईल स्वतःच्याच खिशात साईट शोधते. सर्व्हरचा आयपी पाहिजे. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाका, आयपीव्ही४ समोरचा आकडा घ्या, घरगुती राऊटरवर साधारण १९२.१६८ नं सुरू होते. दोन-तीन आकडे दिसले तर ज्याच्या खाली डिफॉल्ट गेटवे भरलेला आहे तो खरा. व्हर्च्युअलबॉक्स असेल तर १९२.१६८.५६.१ असा एक आकडा दिसते, तो आपल्या कामाचा नाही. आणि १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा दिसला तर राऊटरनं आयपी दिलाच नाही, केबल पाहा, आमच्याकडे एकदा उंदरानं कुरतडली होती.

पत्ता टाकताना आधी एचटीटीपी, कोलन, दोन तिरक्या रेघा पूर्ण टाका. नाही तर काही ब्राउझर आपल्या मनानं एस लावून सुरक्षितवालं उघडायला जातात, नाही त तुमचा आकडा गूगलमधे शोधायला निघतात.

मग मोबाईल डेटा बंद करा. हे मला सगळ्यात उशिरा समजलं. आपल्या राऊटरला इंटरनेट नाही, मोबाईल वायफायला जोडते, पाहते की पुढं नेट नाही, आणि गुपचूप डेटावर जाते. वर वायफायचं चिन्ह तसंच, कधी बाजूला छोटं उद्गारचिन्ह, आणि मागणी चालली टॉवरकडे. ॲन्ड्रॉइड विचारते की या वायफायला इंटरनेट नाही, जोडून राहू का, तिथं पोरं नाही म्हणतात, साहजिकच आहे. डेटा बंद केला की पंचवीसातल्या काहींचं तर लगेच झालं असतं, पण माझ्याकडे दुसरा घोळही सोबतच होता, फायरवॉल.

अपाचे पहिल्यांदा सुरू होते तेव्हा विंडोज विचारते, याला नेटवर्कवर येऊ द्यायचं का. घाईत आपण कॅन्सल दाबतो. वाटते काहीच नाही झालं, पण विंडोज त्या कॅन्सलचा अर्थ "अडवा" असा घेते आणि तसा नियम लिहून ठेवते. पुढं तुम्ही परवानगीचा कितीही नवीन नियम टाका, अडवायचा नियम जड पडते. विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधे इनबाऊंड रूल्स उघडा, अपाचे एचटीटीपी सर्व्हर नावाच्या ओळी शोधा, समोर लाल गोल असेल तर त्या काढून टाका. मग नवीन नियम, पोर्ट, टीसीपी, ८०, अलाऊ. आणि नेटवर्क पब्लिक दाखवत असेल तर प्रायव्हेट करा, वाचनालयाचं वायफाय आपलंच आहे. खात्री करायची असेल तर फायरवॉल एक मिनिट पूर्ण बंद करून मोबाईलवर पाहा आणि लगेच चालू करा. बंद ठेवून "झालं बुवा" म्हणून घरी जाऊ नका. वेगळं अँटिव्हायरस असेल तर त्याचं स्वतःचंही फायरवॉल असते, ते वेगळं पाहावं लागते.

पिंग करून पाहणाऱ्यांसाठी एक, विंडोज बरेचदा पिंगला उत्तरच देत नाही पण साईट व्यवस्थित देते. पिंग लागला तर चांगलं, नाही लागला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

एवढं करूनही लॉगमधे ओळ नाही तर राऊटर. त्यात एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन असं काही चालू असेल तर जोडलेली यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. गेस्ट वायफायवर तर हे मुद्दामच असते. पोरांना गेस्टला जोडायचं नाही, मुख्य नेटवर्कलाच जोडा, फक्त राऊटरच्या ॲडमिनचा पासवर्ड बदलून ठेवा, कारण आपले पोट्टे काही साधे नाहीत.

साईट वर्डप्रेसवर (साईट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) असेल तर मोबाईलवर साईट येते पण डिझाईन नाही, लिंक दाबली की बंद. वर्डप्रेस स्वतःचा पत्ता डेटाबेसमधे लिहून ठेवते, तुम्ही लोकलहोस्टवर टाकलं म्हणून सगळ्या लिंका लोकलहोस्टच्या, मग मोबाईल पुन्हा स्वतःच्या खिशात शोधते. सेटिंग्जमधे जनरल, तिथं वर्डप्रेस ॲड्रेस आणि साईट ॲड्रेस दोन्हीकडे आयपी टाका. पीएचपीमायॲडमिन (डेटाबेस सांभाळायचं झॅम्पमधलं पान) मात्र मोबाईलवरून उघडलं की ४०३ देते, ते तसंच राहू द्या. झॅम्पमधे डेटाबेसच्या रूट युजरला सुरुवातीला पासवर्डच नसते, आणि तेवढ्याचसाठी हे सेटअप राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड करून बाहेरच्या जगाला उघडून द्यायचं नाही.

मराठीची खिचडी

तीन वेगवेगळे आजार आहेत, औषध वेगळं. पानावर विचित्र चिन्हांची रांग दिसली तर फाईल यूटीएफ-८ मधे सेव्ह करा आणि पानाच्या हेडमधे मेटा चारसेट यूटीएफ-८ लिहा. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर डेटाबेस, टेबल आणि जोडणी तिन्ही यूटीएफ८एमबी४ करा, आणि वाईट बातमी ही की जे एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठवल्या गेलं ते परत येत नाही, यादी पुन्हा टाकावी लागते. आम्ही चारशे पुस्तकं पुन्हा टाकली. आणि "मराठी" च्या जागी इंग्रजी ई, जे, के, बी, एच अशी अक्षरं दिसली तर ते कृतिदेवमधे टाईप केलेलं आहे, त्यात म हा ई च्या बटणावर असते. कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला मराठी दिसते, मोबाईलमधे नाही. युनिकोडमधे बदलून घेणे हाच उपाय.

लाईन गेली की

लाईन जाणार, हे धरूनच चाला. लाईन येऊन राऊटर पुन्हा सुरू झाला की आयपी बदलू शकते, आमचा .५ चा .७ झाला आणि भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड फुकट गेला. राऊटरमधे ॲड्रेस रिझर्व्हेशन करून सर्व्हरला एकच आकडा बांधून द्या, मगच क्यूआर छापा. पॅनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून अपाचे आणि मायएसक्यूएलच्या डावीकडे सर्व्हिसची टिक करा, म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला की दोन्ही आपोआप सुरू. बायॉसमधे वीज परत आल्यावर स्वतः चालू होण्याचा पर्याय असते, तोही लावा. पॉवर सेटिंगमधे स्लीप नेव्हर करा, नाही तर अर्ध्या तासानं सर्व्हर झोपते आणि माऊस हलवला की "आता चालते सर", हा भुताटकीचा प्रकार आम्ही आठवडाभर अनुभवला.

मायएसक्यूएलला अचानक वीज जाणं अजिबात सोसत नाही. स्टार्ट होत नसेल तर पहिले मायएसक्यूएलमधलं अख्खं डेटा फोल्डर जसंच्या तसं दुसरीकडे कॉपी करा, मग एरर लॉग वाचा, मग बाकी. घाईत त्यातली आयबीडेटा१ नावाची फाईल उडवली की तुमच्या टेबलांचा हिशोबच गेला. छोटा यूपीएस बसवा, दहा मिनिटं मिळाली तरी नीट बंद करता येते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं जाते, कॅबिनेटच्या पंख्यातली धूळ काढा आणि कॉम्प्युटर कूलरच्या थेट हवेत ठेवू नका, ती ओली हवा आहे.

दर शनिवारी पीएचपीमायॲडमिनमधून एक्स्पोर्ट घेतो, एचटीडॉक्समधलं फोल्डरही सोबत, दोन्ही पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह ग्रंथपाल काकांच्या ड्रॉवरमधे शाईच्या पॅडखाली असते आणि काका त्याची रजिस्टरमधे सही घेतात, नेताना एक अन् ठेवताना एक.